जुन्या पटखेळांना ग्रंथालयात जागा हवी

१९६०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती १८८० साली छापलेले एक पुस्तक लागले. 'स्ट्रॅटेगोस' हे त्याचे नाव. अमेरिकी लष्करातील लेफ्टनंट चार्ल्स टॉटन यांनी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी रचलेल्या युद्धखेळाचे नियम त्यात होते. वेस्लीला त्यातले एक तत्त्व विशेष भावले. खेळाडू कोणतीही कृती करू पाहू शकतो, नियमपुस्तिकेत ती असो वा नसो, आणि तिचा परिणाम काय होईल हे जाणकार पंचाने ठरवायचे, असे ते तत्त्व. १९६९ साली वेस्लीने याच आधारावर 'ब्राउनस्टाइन' नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावात तो घडत होता आणि त्यात प्रत्येकाकडे सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका होती. कोणी नगराध्यक्ष होते, कोणी विद्यापीठाचे कुलपती. डाव हाताबाहेर गेला आणि वेस्लीला तो फसला असे वाटले, पण खेळणाऱ्यांना तो पुन्हा हवा होता. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना 'ब्लॅकमूर' या आपल्या काल्पनिक प्रदेशात नेली. पुढे १९७४ साली त्यांनी आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेमचा उगम तो हाच.

ही हकिकत त्या छंदातल्या लोकांना पाठ आहे, पण तिच्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ऐंशीहून अधिक वर्षे जुने झालेले, ज्या लष्करासाठी लिहिले त्याच्याही उपयोगाचे न राहिलेले ते पुस्तक एका सार्वजनिक विद्यापीठाने फेकून दिले नव्हते. टॉटन यांचा खेळ पुस्तकाच्या रूपात छापला गेला म्हणून ग्रंथालयात आला, त्याची नोंद झाली आणि तो टिकला. हाच खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात, पट आणि सोंगट्यांसह विकला गेला असता तर तो ग्रंथालयाच्या दारापर्यंतही पोहोचला नसता. साधारण १९५८ ते १९९० या काळात निघालेले युद्धखेळ, पटखेळ आणि रोल-प्लेइंग गेम बहुतांशी असेच डब्यांत विकले गेले. सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी ते छापील दस्तऐवज म्हणून स्वीकारावेत, त्यांची रीतसर सूची करावी आणि ते वाचकाला, म्हणजेच खेळणाऱ्याला, उपलब्ध करून द्यावेत, अशी माझी भूमिका आहे. खासगी संग्राहकांच्या आवडीवर आणि हक्कधारक कंपन्यांच्या मर्जीवर हा वारसा सोडून देणे मला चुकीचे वाटते.

या खेळांत जपण्यासारखे काय आहे, हे प्रथम पाहावे लागेल. चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकी तरुणाने १९५४ साली 'टॅक्टिक्स' हा खेळ स्वतःच्या खर्चाने बाजारात आणला आणि १९५८ साली बाल्टिमोर येथे 'ॲव्हलॉन हिल' ही कंपनी उभी केली. त्याच वर्षी आलेल्या 'गेटिसबर्ग' या खेळाने अमेरिकी यादवी युद्धातील एक प्रत्यक्ष लढाई सर्वसामान्य ग्राहकाच्या जेवणाच्या टेबलावर आणली. १९६१पासून पटावर चौकोनांऐवजी षट्कोनी घरे आली, त्यामुळे कोणत्याही दिशेला सरकताना अंतर सारखे राहू लागले. पुठ्ठ्याच्या अर्ध्या इंची सोंगटीवर पलटणीचे चिन्ह आणि त्याखाली आकडे असत. हल्ल्याची ताकद, बचावाची ताकद आणि चालण्याचा पल्ला एवढे त्या आकड्यांवरून कळे. हल्ला करताना दोन्ही बाजूंच्या ताकदीचे गुणोत्तर काढायचे, फासा टाकायचा आणि तक्त्यात निकाल पाहायचा. शत्रू नष्ट, शत्रूची माघार, दोघांचेही नुकसान किंवा हल्लेखोरच गारद, असे निकाल त्या तक्त्यात असत. तीनास एक हे प्रमाण जमवण्यासाठी खेळाडू तासन् तास मोहरे हलवत राहत. असे केल्याने दुसरीकडची फळी उघडी पडते, हे त्यांना एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळत असे.

आसपास जोडीदार नसलेले लोक टपालाने खेळत. ॲव्हलॉन हिलने १९६४ साली 'द जनरल' हे नियतकालिक सुरू केले, त्यात प्रतिस्पर्धी हवा असल्याच्या जाहिराती छापून येत. परंतु टपालाने खेळताना फासा कोणी टाकायचा? दूर बसलेल्या माणसाच्या फाशावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर काढलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. चाल पाठवतानाच खेळाडू शेअर बाजारातील एखादी कंपनी आणि पुढची एक तारीख कळवत असे. त्या दिवशी त्या शेअरच्या उलाढालीचा जो आकडा वर्तमानपत्रात छापून येई, त्याच्या शेवटच्या अंकावरून हल्ल्याचा निकाल ठरे. दोघेही आपापल्या गावी तेच पान उघडून तोच आकडा पाहत, त्यामुळे फसवणुकीला वाव उरत नसे. परस्परांना कधीही न भेटलेल्या माणसांनी विश्वासाचा प्रश्न असा सोडवला होता. याचा पुरावा आज कोठे आहे? नियतकालिकांच्या जुन्या अंकांत, छापील टपाल-पॅडांवर आणि कोणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या पत्रांत. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगले साधन क्वचितच मिळेल.

इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही या खेळांना मोल आहे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील 'एसपीआय' या कंपनीत जिम डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर अंकासोबत एक संपूर्ण खेळ देणारे 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' हे नियतकालिक चालवले. लढाईवरचा लेख आणि त्याच लढाईचा खेळ वाचकाला एकत्र मिळत असे. लेखात 'रसद अपुरी पडल्याने आगेकूच थांबली' असे एक वाक्य लिहून लेखक मोकळा होऊ शकतो. खेळ रचणाऱ्याला तसे करता येत नाही. किती रसद, कोणत्या रस्त्याने, किती दिवसांत आणि ती तुटल्यास पलटणीची ताकद किती घटते, या सगळ्याचे आकडे त्याला ठरवावेच लागतात. रिचर्ड बर्ग यांनी १९७९ साली रचलेला 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' हा तर या वृत्तीचा कळसच. त्यात इंधन ज्या भांड्यांतून नेले जाते त्यावरून त्याचे बाष्पीभवन मोजले जाते आणि पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. हा खेळ पूर्ण खेळणे जवळजवळ अशक्य आहे, हे मान्य. पण वाळवंटातील युद्ध म्हणजे मुळात पाण्याच्या आणि पेट्रोलच्या वाहतुकीचे युद्ध होते, हा त्या रचनेतला युक्तिवाद नियम नुसते वाचूनही समजतो. म्हणून मी या खेळांना युक्तिवाद करणारे दस्तऐवज मानतो. त्यातला प्रत्येक आकडा हे एक विधान असते आणि ते तपासता येते, खोडून काढता येते.

शासनव्यवहारालाही यांचा स्पर्श झालेला आहे. मार्क हर्मन यांचा 'गल्फ स्ट्राइक' हा पर्शियन आखातातील युद्धावरचा खेळ १९८३ साली दुकानांत विकायला आला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा पेंटॅगॉनने त्याच दिवशी हर्मन यांच्याशी संपर्क साधला आणि संभाव्य युद्धाचा विचार करण्यासाठी याच खेळाचा आधार घेतला गेला. एका राष्ट्राच्या युद्धविषयक निर्णयप्रक्रियेत वापरले गेलेले साधन पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला पाहायला मिळावे, यावर कोणाचे दुमत असू नये. कागदोपत्री टिपणे अभिलेखागारात जातात, मग पट आणि सोंगट्या का नकोत?

याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. हे खेळ युद्धाचे उदात्तीकरण करतात, असे म्हटले जाते. त्यातले बरेचसे खरे आहे. त्या काळच्या रशियन आघाडीवरील अनेक खेळांत जर्मन एसएस (नाझी पक्षाचे सशस्त्र दल) पलटणींच्या सोंगट्या मुद्दाम काळ्या रंगाच्या असत आणि त्यांचे आकडे दिमाखदार असत. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी वाचकाला पूर्व आघाडीची माहिती प्रामुख्याने जर्मन सेनापतींच्या आठवणींतून मिळाली होती. 'आम्ही कुशल होतो, हिटलरने आम्हाला हरवले' हा त्यांचा सूर त्या खेळांच्या आकड्यांत उतरला. सोव्हिएत सैन्य म्हणजे संख्येने अफाट पण बुद्धीने मंद, असे चित्र नियमांतूनच उभे राहते. त्या पटांवर शहरे, नद्या आणि लोहमार्ग आहेत, पण त्या भूमीवर मारले गेलेले लक्षावधी ज्यू आणि इतर नागरिक कोठेच नाहीत. हे मौन भयंकर आहे. परंतु ते मौन होते, हे सिद्ध करायला आपल्याला तो पट समोर हवा. खेळ नष्ट झाला तर त्याच्यासोबत त्या पिढीने काय पाहायचे नाकारले याचा पुरावाही नष्ट होईल.

आपल्याला जवळचे असे एक उदाहरण आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी १९८० साली निघालेल्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्स देवतांच्या जोडीला भारतीय देवताही आहेत. इंद्र, अग्नी, वरुण, यम यांना चिलखताचे आकडे आणि 'हिट पॉइंट' दिलेले आहेत, म्हणजे किती घाव बसल्यावर देव पडेल तेही मोजलेले आहे. ज्यांची श्रद्धा आहे अशा वाचकाला हे बोचेल आणि ते बोचणे समजण्यासारखे आहे. मला स्वतःला त्या पानांत द्वेषापेक्षा अज्ञान अधिक दिसते. जिवंत धर्मातील देवता आणि उपासना संपलेल्या देवता एकाच सूचीत बसवताना त्या लेखकांना काही अडखळल्यासारखे वाटले नाही, ही त्यांच्या काळाची आणि जागेची खूण आहे. अशा पुस्तकांसंबंधी २०२० साली हक्कधारक कंपनीने जुन्या साहित्याच्या डिजिटल विक्रीच्या पानांवर सूचना घातली, की यातील काही मजकुरात तत्कालीन पूर्वग्रह आहेत. हा मार्ग मला योग्य वाटतो. सूचना असावी, सोबत चिकित्सक टिपण असावे, पण पुस्तक मागे घेऊ नये. ज्याला त्यावर टीका करायची आहे त्याला मूळ पान दाखवता आले पाहिजे.

हे खेळ संग्राहकांकडे सुरक्षित आहेत, मग ग्रंथालयांनी का पडावे, असाही प्रश्न केला जातो. संग्राहकांचे ऋण मोठे आहे, त्यांच्याविना बरेच काही आधीच गेले असते. तरीही बाजाराची किंमत ठरवण्याची रीत पाहिली की हा भरवसा पुरेसा नाही हे कळते. ज्या डब्यातील सोंगट्यांचा पुठ्ठा अजून तोडलेलाही नाही, म्हणजे जो खेळ कोणी एकदाही खेळलेला नाही, त्याला सर्वांत जास्त भाव मिळतो. अभ्यासकाला मात्र नेमका उलट डबा हवा असतो. नियमपुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली दुरुस्ती, घरच्या घरी ठरवलेला वेगळा नियम, हरवलेल्या सोंगटीच्या जागी कापलेला पुठ्ठा, डावाची अर्धवट नोंद, या गोष्टींवरून लोक प्रत्यक्षात कसे खेळत हे उलगडते. बाजारात अशा खुणांनी किंमत घटते. शिवाय खासगी संग्रह माणसासोबत संपतो. 'ॲक्वायर' या खेळाचे कर्ते सिड सॅक्सन यांच्याकडे हजारो खेळांचा संग्रह होता, तो २००२ साली त्यांच्या निधनाच्या सुमारास लिलावात विखुरला. त्यांच्या रोजनिशा आणि कागदपत्रे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' या खेळविषयक संग्रहालयात आहेत, हे समाधान. पण ज्या खेळांवर त्या रोजनिशांत लिहिले आहे ते त्यांच्या शेजारी नाहीत.

कंपन्यांवर विसंबणे तर त्याहून धोक्याचे. १९८२ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या 'टीएसआर' कंपनीने आधी कर्ज देऊन नंतर 'एसपीआय'ची मालमत्ता ताब्यात घेतली आणि नियतकालिकाच्या आजीव वर्गणीदारांची वर्गणी पाळण्याचे नाकारले. १९९७ साली 'टीएसआर' स्वतःच 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या दुसऱ्या खेळ-कंपनीकडे गेली. १९९८ साली ॲव्हलॉन हिल 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या प्रचंड कंपनीने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी विझार्ड्सही त्याच कंपनीच्या पोटात गेली. अशा रीतीने एका अख्ख्या पिढीच्या छंदाचे हक्क बहुतांशी एकाच छताखाली जमा झाले. त्यातल्या मोजक्या नावांना व्यापारी मोल आहे, बाकीचे खेळ कोणी छापत नाही आणि दुसऱ्याला मुक्तपणे छापूही देत नाही. काही खेळ परवान्याने इतरांनी पुन्हा काढले, हे खरे, पण ते अपवाद. ६ एप्रिल २००९ रोजी विझार्ड्सने चाचेगिरीचे कारण देऊन आपल्या सर्व जुन्या पुस्तकांच्या डिजिटल प्रती विक्रीतून एकाएकी काढून घेतल्या. त्या परत यायला २०१३ साल उजाडले. कंपनीच्या दृष्टीने तो तिचा अधिकारच होता. म्हणूनच सार्वजनिक प्रत कंपनीच्या हातात असू नये.

स्वामित्वहक्काची मुदत पाहिली की निकड अधिक ध्यानात येते. अमेरिकी कायद्यानुसार १९६४ ते १९७७ या काळात रीतसर प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर प्रकाशनापासून ९५ वर्षे हक्क राहतो. म्हणजे १९७० सालचा 'पॅन्झरब्लिट्झ' हा युद्धखेळ २०६६च्या आणि १९७४ सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' २०७०च्या १ जानेवारीला मुक्त होईल. खेळण्याची पद्धत स्वामित्वहक्कात येत नाही, मजकूर आणि चित्रे येतात. त्याचा आधार घेऊन आणि खुल्या परवान्याच्या साहाय्याने चाहत्यांनी जुने नियम स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहून काढले, २००६ सालचा 'ऑस्रिक' हे त्याचे ठळक उदाहरण. हे काम स्तुत्य आहे, पण नव्याने लिहिलेला नियम हा मूळ दस्तऐवज होत नाही. चाहत्यांनी परस्पर स्कॅन करून ठेवलेल्या प्रतीही कायद्याच्या एका नोटिशीने नाहीशा होऊ शकतात.

ग्रंथालयांनी हे काम हाती घेतले तरी नुसता डबा कपाटात ठेवून ते पूर्ण होणार नाही. १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा पहिला डबा घ्या. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गायगॅक्स यांच्या घरी हाताने भरलेल्या एक हजार प्रती, प्रत्येकीत तीन लहान पुस्तिका. पण लढाईसाठी गायगॅक्स यांचीच 'चेनमेल' ही आधीची नियमावली लागेल आणि जंगलातील प्रवासासाठी ॲव्हलॉन हिलच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या १९७२ सालच्या खेळाचा पट लागेल, असे त्या पुस्तिकांतच म्हटले आहे. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या विषयावरचा पट हाताशी असल्याशिवाय हा खेळ पुरा होत नव्हता. नियमांत इतक्या जागा रिकाम्या होत्या की गावोगावच्या मंडळींनी त्या आपापल्या परीने भरल्या आणि हौशी चक्रमुद्रित अंकांतून त्यावर वाद घातले. म्हणून संग्रह करायचा तर डबा, त्यासोबत लागणारे इतर खेळ, शुद्धिपत्रे, नियतकालिके आणि हौशी अंक हे सगळे एकमेकांशी जोडून ठेवावे लागेल. त्याहून तातडीचे काम म्हणजे खेळणाऱ्यांच्या मुलाखती. गायगॅक्स २००८ साली गेले, आर्नेसन २००९ साली, रॉबर्ट्स २०१० साली आणि बर्ग २०१९ साली. त्यांच्यासोबत टेबलावर बसलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

खेळ जाणणारी माणसे संपली की काय होते, हे सावंतवाडीच्या गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळात दिसते. दशावतारी गंजिफ्याची १२० गोल, रंगवलेली पाने आजही तिथे तयार होतात, कारण १९७०च्या दशकात राजघराण्याने ती कला पुन्हा उभी केली. पाने कौतुकाने विकत घेतली जातात, भेट दिली जातात, भिंतीवर लावली जातात. पण दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाने सुरुवात करायची, निम्म्या रंगांत दहा पान मोठे आणि निम्म्यांत एक्का मोठा, हे ठाऊक असलेले आणि त्याप्रमाणे खेळणारे किती उरले आहेत? कला वाचली याचा आनंद मोठा आहे. खेळाकडेही तितकेच लक्ष जायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

जागा, पैसा आणि हरवणाऱ्या सोंगट्या या ग्रंथपालांच्या अडचणी खऱ्या आहेत. सुट्या भागांची यादी डब्यात ठेवणे, सोंगट्यांची उच्च दर्जाची छायाचित्रे घेणे आणि खेळण्यासाठी वेगळी प्रत काढणे, एवढ्याने त्यांतील बहुतेक सुटतात. नकाशे आणि संगीताच्या नोटेशनची पाने सांभाळणाऱ्या संस्थांना हे नवे नाही.

आपल्या देशापुरते बोलायचे तर कायदा अनुकूलच म्हणावा असा आहे. १९५४ सालच्या 'डिलिव्हरी ऑफ बुक्स' कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांना प्रती द्यायच्या असतात आणि त्यातील पुस्तकाच्या व्याख्येत पत्रके, स्वतंत्र छापलेले नकाशे, तक्ते आणि आराखडे येतात. खेळाच्या पटाचा तिथे उल्लेख नाही, तो स्पष्ट शब्दांत घालावा. १९५७ सालच्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२व्या कलमात तर भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या, पत्रकाच्या, नकाशाच्या वा तक्त्याच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात, अशी तरतूद आहेच. नियमपुस्तिका हे पुस्तक आहे आणि षट्कोनांचा पट हा नकाशा आहे, हे मान्य करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठीय ग्रंथालयाने देणगीदाखल आलेला असा पहिला डबा परत न पाठवता त्याला दाखल क्रमांक दिला, तर सुरुवात तेवढ्यानेही होईल. मग त्याच कपाटात गेल्या शतकात आपल्याकडे छापलेल्या व्यापार, सापशिडी आणि सारीपाटाच्या पटांनाही जागा करावी लागेल.